लघुप्रतिकृतींसाठी कापण्याची हत्यारे कशी निवडावीत : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी असतात, प्लॅस्टिकची विमाने आणि रणगाडे जोडणारे हौशी असतात, एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, रेल्वेचा देखावा उभारणारे असतात आणि गणपतीच्या मखरासाठी वर्षातून एकदाच कटर हातात घेणारेही असतात. ‘चांगला कटर कोणता?’ हा प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी आपण काय कापणार आहात हे आम्हाला विचारावे लागते, कारण माउंटबोर्ड, म्हणजे चित्रांच्या चौकटीत वापरला जाणारा जाड पुठ्ठा, सफाईने कापणारे पाते ॲक्रिलिकवर नुसते घसरते, आणि थर्माकोलसाठी घेतलेली तापती तार सनबोर्डवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या फोमच्या शीटवर, चालवली तर विषारी धूर होतो.

मूठ एकदाच, पाती वारंवार

बोथट झालेले टोक मोडून टाकायचे आणि त्याच पात्याची पुढची ताजी धार वापरायची, ही कल्पना जपानमधल्या ओसाका शहरात योशिओ ओकादा यांनी १९५६ साली प्रत्यक्षात आणली. त्यांच्या ओल्फा कंपनीने रूढ केलेली ९ मिमी आणि १८ मिमी ही रुंदीची मापे आज बहुतेक सगळेच उत्पादक पाळतात, त्यामुळे एका कंपनीच्या मुठीत दुसरीचे पाते सहसा बसते. चांगल्या प्रतीचे ९ मिमीचे पाते सुमारे ०.३८ मिमी आणि १८ मिमीचे सुमारे ०.५ मिमी जाड असते. हा फरक डोळ्यांना जाणवत नसला तरी हाताला लगेच जाणवतो. पातळ पाते कागदात आणि पातळ पुठ्ठ्यात सहज शिरते, पण २ मिमीच्या ग्रे बोर्डवर, म्हणजे करड्या कडक पुठ्ठ्यावर, जोर दिला की वाकते आणि काप तिरका जातो. नेहमीच्या पात्याचे टोक साधारण ६० अंशांचे असते. खिडक्यांच्या चौकटी, कमानींचे आतले कोपरे किंवा १:२०० प्रमाणातले कठडे कापायचे असतील तर ३० अंशांचे पाते घ्यावे, मात्र त्याचे टोक नाजूक असल्याने ते लवकर तुटते हे गृहीत धरावे.

पाकिटावर ‘एसके’ आणि पुढे आकडा छापलेला असेल तर तो पाहावा. हे जपानी कार्बन पोलादाचे वर्गीकरण आहे आणि त्यात जुनी व नवी अशा दोन पद्धती चालतात. जुन्या पद्धतीतले एसके-५ म्हणजे नव्या पद्धतीतले एसके-८५, ज्यात कार्बन सुमारे ०.८५ टक्के असतो, आणि जुने एसके-२ म्हणजे आजचे एसके-१२०, ज्यात तो सुमारे १.२ टक्के असतो. कार्बन जास्त असला की पाते अधिक कठीण करता येते आणि धार टिकते. कार्बन पोलाद गंजते, म्हणून कोकणातल्या आणि मुंबईतल्या ग्राहकांनी पावसाळ्यात पाती तेलाचा हलका हात फिरवून बंद डबीत ठेवावीत. पाकिटावर पोलादाची काहीच माहिती नसेल, तर ती पाती पाकिटे बांधण्या-सोडण्यापुरती ठेवावीत, असे आमचे मत आहे.

वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळणारे स्कॅल्पेल, म्हणजे शस्त्रक्रियेचा चाकू, प्रतिकृतीकारांच्या फार उपयोगाचे असते. ३ नंबरच्या मुठीत १०, ११ आणि १५ नंबरची पाती बसतात, तर २० पासून पुढची मोठी पाती ४ नंबरच्या मुठीला लागतात. येथे एक घोटाळा वारंवार होतो. हस्तकलेच्या पेनासारख्या चाकूच्या पात्यालाही ११ हाच नंबर असतो, पण त्याची बैठक वेगळी असल्याने ते स्कॅल्पेलच्या मुठीत बसत नाही. खरेदीला येताना जुनी मूठ सोबत आणल्यास हेलपाटा वाचेल.

साहित्य पाहून हत्यार

पुठ्ठा एका दमात कापण्याचा मोह टाळावा. पहिला हात केवळ रेघ उमटवण्यापुरता हलका द्यावा आणि नंतर त्याच खाचेतून तीन-चार वेळा पाते फिरवावे. असे केल्याने कड काटकोनात राहते आणि पट्टीवरून पाते उसळत नाही. कडेला तंतू उभे राहू लागले, म्हणजे पाते मोडण्याची वेळ आली असे समजावे. सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर राज्यात २०१८ साली बंदी आल्यापासून मखरे पुठ्ठ्याची होऊ लागली आहेत, आणि जाड पुठ्ठ्यासाठी १८ मिमीचा, पाते घट्ट आवळता येईल अशा स्क्रूचा कटर घेणे हेच योग्य ठरते.

बाल्सा लाकूड इतके मऊ असते की बोथट पाते ते कापण्याऐवजी चेपते. रेषांच्या दिशेने कापताना पाते रेषेबरोबर वाहवत जाते, म्हणून पट्टीचा आधार अनिवार्य आहे. रेषांना आडवे कापायचे असेल तर रेझर सॉ, म्हणजे बारीक दातांची पातळ करवत, वापरावी.

ॲक्रिलिकसाठी आकड्यासारख्या टोकाचा पी-कटर घ्यावा, जो पृष्ठभागावरून बारीक साल काढत जातो. ३ मिमीच्या शीटमध्ये जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल खाच पाडून ती टेबलाच्या कडेवर धरून दाबली, की शीट सरळ रेषेत तुटते. वळणदार आकार मात्र या पद्धतीने निघत नाहीत. ते लेझरवर करून घ्यावेत, पण सनबोर्ड या नावाने मिळणारे शीट बहुधा पीव्हीसीच्या फोमचे असते आणि ते तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, म्हणून ते लेझरवर किंवा तापत्या तारेवर कधीही नेऊ नये. थर्माकोल पॉलिस्टायरिनचा असल्याने तो तारेने कापता येतो, पण तेव्हाही खिडक्या उघड्या असाव्यात.

प्लॅस्टिक किटचे सुटे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यापासून ते वेगळे करण्यासाठी निपर, म्हणजे कापणारी छोटी पक्कड, लागतो. दोन्ही बाजूंना धार असलेला साधा निपर काटक असतो. एकाच बाजूला धार असलेला महागडा निपर जवळजवळ डाग न ठेवता कापतो, परंतु त्याचे पाते इतके पातळ असते की तार किंवा जाड सांगाडा कापल्यास ते टवकते, आणि तसे झाल्यास तो आम्हाला बदलून देता येत नाही. कोणत्याही निपरने भागाला खेटून कापू नये. थोडा अंश शिल्लक ठेवून कापावे आणि उरलेले स्कॅल्पेलने पातळ थरांत उतरवावे, म्हणजे प्लॅस्टिकवर ताणाचा पांढरा डाग पडत नाही. पारदर्शक भाग, उदाहरणार्थ विमानाची काच, दाबाने तडकतो, म्हणून तो रेझर सॉनेच सोडवावा. पितळेच्या नक्षीदार पातळ पट्ट्या मात्र कटिंग मॅटवर, म्हणजे कापताना खाली अंथरायच्या चटईवर, कापू नयेत, कारण मॅट दबते आणि पट्टी वाकते. त्या काचेवर किंवा टाइलवर ठेवून गोल धारेच्या १० नंबरच्या पात्याने दाबून कापाव्यात.

पट्टी आणि मॅट

पट्टी स्टीलचीच असावी. प्लॅस्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीची कड पाते खाऊन टाकते आणि त्यानंतरचा प्रत्येक काप वाकडा येतो. कटिंग मॅट ए३ आकाराची पुरते. ती उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवल्यास वाकते आणि पुन्हा सपाट होणे कठीण असते, त्यामुळे आडवीच ठेवावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही डझनभर मुठींचा संच सुचवत नाही, जरी तो आमच्याकडे विक्रीस आहे. ३० अंशांचा ९ मिमीचा एक कटर, १८ मिमीचा एक कटर, दोन्हींच्या पात्यांची पाकिटे, स्टीलची पट्टी आणि मॅट एवढ्यावर पुठ्ठ्याच्या कामाचे पहिले वर्ष निभावते. निपर आणि रेझर सॉ किटचे काम हाती आल्यावर घ्यावेत.

मोडलेली टोके झाकणाच्या पत्र्याच्या डबीत साठवावीत, डबी भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि तिच्यावर ‘पाती’ असे ठळक लिहून ती कचरा वेचकांच्या हाती वेगळी द्यावी. आपल्या साहित्याचा हातभर तुकडा दुकानात आणल्यास काउंटरवरच दोन-तीन प्रकारच्या पात्यांनी तो कापून पाहता येईल. पात्यांचे पाकीट उघडल्यानंतर मात्र ते परत घेतले जात नाही.