अतिलवचिक सांधे आणि हृदयाच्या झडपा

सांधे नेहमीपेक्षा जास्त वाकणाऱ्या काही व्यक्तींच्या हृदयाच्या झडपांत आणि महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) आढळणारे सैलपणाचे विकार. अंगठा वाकवून मनगटाच्या वर हाताला टेकवणे किंवा गुडघे ताठ ठेवून दोन्ही तळहात जमिनीला लावणे ज्यांना लहानपणापासून जमते, त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. वर्गात ती करामत म्हणून दाखवली जाते. हा लवचिकपणा मोजण्यासाठी 9 गुणांची बायटन मोजणी वापरतात. करंगळी 90 अंशांपलीकडे मागे वळते का, कोपर आणि गुडघे 10 अंशांहून जास्त उलटे जातात का, हे त्यात पाहतात. प्रौढांत 50 वर्षे वयापर्यंत 5 किंवा अधिक गुण मिळाले, तर सांधे अतिलवचिक मानतात. मात्र ही मोजणी सांध्यांची आहे. हृदयाबद्दल ती काहीच सांगत नाही.

तरीही संबंध आहे, कारण अस्थिबंध, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि झडपांची पाती ही सगळी संयोजी ऊतींचीच, म्हणजे अवयवांना बांधून आधार देणाऱ्या ऊतींचीच, बनलेली असतात. कोलॅजन ताण सोसते, तर फायब्रिलिनचे तंतू ऊतींना लवचिक आधार देतात. या प्रथिनांत जन्मजात खोट असेल, तर ती एकाच अवयवापुरती राहीलच असे नाही. दिवसाला सुमारे 1 लाख वेळा उघडमीट करणाऱ्या झडपेवर तिचा परिणाम दिसणे स्वाभाविक आहे.

सर्वाधिक आढळते ते द्विदली (मायट्रल) झडपेचे भ्रंशन, म्हणजे जागेवरून सरकणे. या झडपेची दोन पाती बारीक तंतुमय दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला बांधलेली असतात. पात्याचा मधला स्पंजासारखा थर जाड झाला आणि दोऱ्या लांबल्या, की हृदय आकुंचन पावताना पाती वरच्या कप्प्यात फुगून जातात. फट राहिली तर रक्त मागे गळते. स्टेथोस्कोपमधून ऐकताना ठोक्याच्या मध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो आणि गळती असेल तर त्यामागून फुसफुस. रुग्ण उभा राहिला की हृदयात कमी रक्त येते, खालचा कप्पा आक्रसतो आणि ‘टक्’ अलीकडे सरकतो. उकिडवे बसवले की पुन्हा लांबतो. पूर्वी हा आवाज हृदयाबाहेरचा समजला जाई. जोहान्सबर्गचे जॉन बार्लो यांनी 1963 मध्ये तो झडपेच्या गळतीशी जोडून दाखवला.

पुढे इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी हृदयाची चित्रे घेणारी तपासणी) आली आणि निदानांचा पूर आला. झडपेचे कडे सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखे असते, त्यामुळे एका विशिष्ट कोनातून निरोगी झडपही सरकलेली भासते. हे 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले, तेव्हा निकष कडक झाले: ठरलेल्या कोनातून पाहता पाते कड्याच्या 2 मिलिमीटर तरी पलीकडे जायला हवे. नव्या निकषांनी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम पाहणीत (1999) भ्रंशनाचे प्रमाण 2.4 टक्के निघाले. लवचिक सांध्यांच्या लोकांत झडपदोष सर्रास असतो, अशी जुनी विधाने म्हणूनच जपून वाचावीत.

खरी काळजी बहुतेकदा झडपेपेक्षा महारोहिणीची असते. मार्फान सिंड्रोम या आनुवंशिक विकारात फायब्रिलिन-1 च्या जनुकात बिघाड असतो. उंच बांधा, लांब बोटे आणि डोळ्यातील भिंग सरकणे या खुणांबरोबर महारोहिणीचे मूळ हळूहळू रुंदावते आणि अखेर भिंत चिरू शकते. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचे 2017 च्या वर्गीकरणात 13 प्रकार केले आहेत. त्यांतील अतिलवचिक प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्यात झडपेचा किंवा महारोहिणीचा दोष असलाच तर बहुधा सौम्य असतो. दुर्मिळ अशा हृदय-झडप प्रकारात मात्र झडपा झपाट्याने खराब होतात. रक्तवाहिन्यांच्या प्रकाराची गंमत, खरे तर धोका, असा की त्यात मोठे सांधे फारसे लवचिक नसतात. पातळ त्वचेखालून शिरा दिसतात आणि धमन्या अचानक फाटू शकतात. लवचिकपणा जितका जास्त तितका हृदयाला धोका जास्त, हे गणित इथे सपशेल चुकते.

धडधड आणि भोवळ या तक्रारींचे खापर झडपेवर फोडण्याची घाई होते. पुष्कळदा कारण वेगळेच असते: उभे राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी मिनिटाला 30 किंवा अधिक ठोक्यांनी वाढते, पण रक्तदाब फारसा उतरत नाही. झडप ठीक असूनही हा त्रास माणसाला बेजार करतो.

झडपेच्या निदानासाठी टू-डी इको (इकोकार्डिओग्राफी) पुरेसा ठरतो. त्यात झडपांबरोबर महारोहिणीच्या मुळाची रुंदी मोजून घ्यावी लागते. गळती नसलेल्या भ्रंशनाला सहसा औषध लागत नाही. मार्फानमध्ये बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधांनी रुंदावणे मंदावते, आणि मूळ 5 सेंटिमीटरपर्यंत पोचले की शस्त्रक्रियेचा विचार करतात. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी ते डॉक्टरांना सांगावे. फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके मार्फान किंवा एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांना शक्यतो देत नाहीत. महारोहिणी फाटण्याच्या जोखमीबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये तसा इशारा दिला आहे.