ओलं, कोरडं आणि मधलं: डेरेक अंडरवुडच्या खेळपट्टीचं विज्ञान

27 ऑगस्ट 1968. लंडनच्या ओव्हलवर इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या ॲशेस मालिकेतल्या शेवटच्या कसोटीचा शेवटचा दिवस. उपाहाराला ऑस्ट्रेलिया 5 बाद 86, म्हणजे इंग्लंडचा विजय दिसू लागला होता. तेवढ्यात असा पाऊस कोसळला की मैदानाचं तळं झालं. ऊन पडल्यावर प्रेक्षकच मदतीला मैदानात उतरले आणि मिळेल त्या साधनाने पाणी हटवू लागले. पावणेपाचला खेळ सुरू झाला तेव्हा हातात 75 मिनिटं होती.

यानंतर जे घडलं ते मला नुसत्या निकालापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. अर्ध्या तासाहून अधिक वेळ एकही बळी पडला नाही. ओल्या खेळपट्टीवर फिरकी वळते असं आपण ऐकत आलोय, पण इथे ऑस्ट्रेलियाचे इन्व्हेरारिटी आणि जार्मन शांतपणे चेंडू थोपवत राहिले. शेवटी इंग्लंडच्या डॉलिव्हेराने जार्मनचा त्रिफळा उडवला. लगेच केंट कौंटीचा 23 वर्षांचा डावखुरा डेरेक अंडरवुड पुन्हा गोलंदाजीला आला आणि 27 चेंडूंत उरलेले चारही फलंदाज परतले. शेवटचा बळी इन्व्हेरारिटीचा, पायचीत. सामना संपायला जेमतेम काही मिनिटं उरली होती. अंडरवुडचे आकडे: 50 धावांत 7 बळी.

गोलंदाज तोच, पट्टीही तीच. बदलली होती ती मातीतली ओल.

खेळपट्टीची माती चिकणमातीयुक्त असते. इंग्लंडमधल्या कौंटी मैदानांवर चिकणमातीचं प्रमाण साधारण पाव हिश्शाच्या वर ठेवतात, म्हणजे रोलर फिरवला की ती घट्ट बसते. अशा पट्टीवर पाणी साचलं की पृष्ठभागावर पातळ थर राहतो आणि घर्षण एकदम कमी होतं. चेंडूला कितीही फिरकी दिलेली असली, तरी ती वळणात उतरायला जमिनीची पकड लागते. चेंडू आणि जमिनीचा स्पर्श सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यात पकड मिळाली नाही तर चेंडू घसरून सरळ पुढे जातो. शिवाय ओला चेंडू बोटांतूनही निसटतो. पहिल्या अर्ध्या तासात नेमकं हेच चाललं होतं.

मग ऊन आपलं काम करतं. वरचे काही मिलिमीटर सुकतात, खाली मात्र ओल तशीच असते. आपल्याकडे काळ्या रानात वाफसा येतो तेव्हा वरून माती मोकळी आणि आतून दमट लागते, तशीच ही अवस्था. आता चेंडू पडला की वरचा पापुद्रा फुटतो आणि चेंडू मऊ मातीत किंचित रुततो. स्पर्श जास्त वेळ टिकतो, घर्षण वाढतं, फिरकीचं रूपांतर आडव्या वेगात होतं. रुतलेल्या चेंडूपुढे मातीचा छोटा उंचवटा तयार होतो, त्याला धडकून चेंडू अपेक्षेपेक्षा ताठ उसळतो. शेजारी दोन इंचांवर पापुद्रा शाबूत असेल तर पुढचा चेंडू सरळ येईल. सगळी जमीन पूर्ण सुकली की हा खेळ संपतो.

हा लाभ मैदानावरच्या प्रत्येक गोलंदाजाला मिळतो. अंडरवुड वेगळा ठरला तो वेगामुळे आणि अचूकतेमुळे. शाळकरी वयात तो मध्यमगती टाकायचा आणि पुढेही फिरकी गोलंदाजाच्या मानाने त्याचा वेग बराच राहिला. मोठं वळण देण्यापेक्षा चेंडूवरून बोटं कापत नेणं, म्हणजे कटर, हे त्याचं हत्यार. आता हिशेब करू. समजा चेंडू फलंदाजाच्या तीन मीटर पुढे टप्पा घेतो आणि टप्प्यावर एक पंचमांश वेग गमावतो. ताशी 72 किलोमीटरने आलेल्या चेंडूला बॅटपर्यंत पोचायला सुमारे 0.19 सेकंद लागतील, ताशी 90 ने आलेल्याला 0.15. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे संथ चेंडूवर चूक सुधारण्याची पुसटशी आशा असते, वेगवान चेंडूवर तीही नाही. यष्टींमागे उभं राहून हे चेंडू टिपणाऱ्या केंटच्या ॲलन नॉटचं कौशल्य म्हणूनच मला अफाट वाटतं.

हेस्टिंग्जचं मैदान तर जणू त्याच्यासाठीच होतं. ससेक्सविरुद्ध तिथे 1964 मध्ये 28 धावांत 9 बळी, 1973 मध्ये 9 धावांत 8. त्याच मैदानावर 1984 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी, त्याने कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं! आज तिथे खरेदी संकुल उभं आहे.

खेळपट्ट्यांनी त्याला सामने दिले तसे वादही दिले. 1972 मध्ये हेडिंग्लेवर फ्युजेरियम बुरशीने पट्टीवरचं गवत मारलं होतं. त्या कसोटीत त्याने ऑस्ट्रेलियाचे 82 धावांत 10 बळी घेतले आणि सामना तीन दिवसांत आटोपला. 1974 मध्ये लॉर्ड्सवर पाणी कव्हरखाली शिरलं आणि त्याने पाकिस्तानचे 71 धावांत 13 बळी घेतले. पाकिस्तानने रीतसर तक्रार केली. तक्रार पटण्यासारखी होती, पण ती कव्हर घालणाऱ्यांविरुद्ध होती.

त्याला ‘पावसाळी गोलंदाज’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी 1976-77 चा भारत दौरा पाहावा. आपल्या कोरड्या पट्ट्यांवर त्याने पाच कसोटींत 29 बळी घेतले आणि इंग्लंडने मालिका 3-1 जिंकली. कसोटीत सुनील गावसकरांना सर्वाधिक वेळा, म्हणजे 12 वेळा, बाद करणारा गोलंदाजही तोच. कोरड्या पट्टीवर तसं वळण मिळेलच असं नाही, पण टप्पा आणि दिशा चुकली नाही तर धावाही मिळत नाहीत. 86 कसोटींत 297 बळी घेताना त्याने षटकामागे जेमतेम 2.1 धावा दिल्या.

1981 पासून कौंटी सामन्यांत खेळपट्टी पूर्ण झाकण्याचा नियम आला. वाफसा आलेली पट्टी कौंटी क्रिकेटमधून जवळजवळ नाहीशी झाली. अंडरवुडचं दुकान बंद होणार असं वाटावं, तर 1983 च्या मोसमात 38 वर्षांच्या या माणसाने शंभरावर बळी घेतले. 1987 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा प्रथम श्रेणीत त्याच्या नावावर 2465 बळी होते, बळीमागे सरासरी 20.28 धावा.