मॉर्फिनच्या वाटेवरची कुलपं

निपाणी-चिकोडीकडे कॅन्सरचं नाव अजून दबक्या आवाजात घेतात. 'गाठ आलीय' एवढ्यावर भागवतात. तंबाखूचा मुलूख, त्यामुळे तोंडाच्या गाठी इथे नवलाच्या नाहीत. पुढची वाटही ठरलेली : आधी बेळगाव किंवा मिरज, मग १९४१ पासूनचं मुंबईचं टाटा, आणि शेवटी 'आता घरी न्या.' घरी आणल्यावर रात्रभर कण्हणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नसे.

१९६७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं, म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्यांची वेदना सांभाळणारं ठिकाण. दुखणं शरीराबरोबर मनाचं, घरच्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, म्हणून त्या त्याला 'समग्र वेदना' म्हणत. आपल्याकडे त्यात डोक्यावरचं कर्ज आणि मुलीचं राहिलेलं लग्न धरायला हवं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरचं दुखणं शमवण्याच्या तीन पायऱ्या आखून दिल्या : पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, मग कोडीनसारखं सौम्य अफूजन्य औषध, मग अफूपासूनच मिळणारं जोरकस मॉर्फिन. तेही शक्यतो तोंडानेच आणि घड्याळ बघून. कळ उठायची वाट बघायची नाही. त्याच वर्षी मुंबईत शांती अवेदना आश्रम हे हॉस्पिस सुरू झालं.

पण आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला होता. किमान दहा वर्षांच्या शिक्षेची धास्ती आणि एकेका साठ्यासाठी वेगवेगळे परवाने, म्हणून दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. अफू आपल्याच मध्य प्रदेश-राजस्थानात पिकते, औषध स्वस्त, आणि रोगी मात्र कोरडा! १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी अशा रोग्यांची वेदना शमवण्यासाठी संस्था काढली. पुढे केरळात शेजारपाजारचे लोकच रोग्यांची काळजी घ्यायला घरोघरी जाऊ लागले. कायदा बदलायला २०१४ उजाडलं. तेव्हा अनेक परवान्यांऐवजी एकच पुरेसा झाला.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे, भाषेची. ठणका, आग, चमक, मुंग्या : डॉक्टरला यातला फरक कळणं गरजेचं असतं. आग आणि चमक बहुधा नसेची, म्हणजे मज्जातंतूची असते. तिला नुसतं मॉर्फिन पुरत नाही, ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारख्या औषधाची जोड लागते. खानापूरकडची म्हातारी 'ठुसठुसतंय' म्हणते आणि कन्नड नर्स 'नोवु' लिहून घेते. एका शब्दात सगळं दुखणं सपाट होतं. मग नातू मध्ये उभा राहून आजीचं दुखणं कन्नडमधून सांगतो, आणि आजी त्याच्यासमोर निम्मं गिळते.