मुंगीची परीक्षा: मुलांसाठी पहिला कॅमेरा निवडताना

माझ्या आठ वर्षांच्या भाचीने तिच्या पहिल्या कॅमेऱ्यावर पहिल्या आठवड्यात काढलेले फोटो मी एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसून पाहिले. तीनशेच्या आसपास होते. माणसांचे चेहरे त्यात फार थोडे. टेबलाची खालची बाजू, मांजराची शेपटी, आजोबांचा गुडघा, झिजलेली चप्पल आणि मुंग्या. खूप मुंग्या. जवळजवळ प्रत्येक मुंगी धूसर आली होती, तिच्या मागची भिंत मात्र स्वच्छ दिसत होती. ‘‘मावशी, मुंगी का नाही नीट येत?’’ तिने विचारलं. कॅमेरा मीच आणला होता, खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा बघून. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कळलं की मुलांचा कॅमेरा कसा निवडावा हेही त्या उत्तरातच आहे.

त्या कॅमेऱ्याचं भिंग जागचं हलतच नव्हतं. खेळण्यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. भिंग बारीक, सेन्सर (भिंगामागची, प्रकाश टिपणारी चकती) इवलासा. त्यामुळे एका ठरावीक अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. समजा भिंगाचं नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचं चित्र भिंगामागे जिथे स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर) ४.५ मिलिमीटर आहे आणि प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचं माप एफ/२.८ आहे, तर ही हद्द साधारण ७० सेंटिमीटरवर येते. त्याच्या अलीकडचं सगळं पुसट. भाचीची मुंगी होती १० सेंटिमीटरवर. तिला स्पष्ट टिपायला हेच भिंग दूरच्या डोंगराच्या जागेवरून जेमतेम ०.२ मिलिमीटर पुढे सरकायला हवं होतं. दोन-तीन कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढी ती जाडी. ऑटोफोकस असलेल्या कॅमेऱ्यातली छोटी मोटर नेमकं हेच काम करते.

ही अडचण जुनी आहे. १९०० साली कोडॅकने ‘ब्राउनी’ हा खोक्यासारखा कॅमेरा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आणला. त्यातही एकच साधं भिंग होतं आणि फोकस पक्का बसवलेला होता. समोर रांगेत उभ्या राहिलेल्या घरच्या मंडळींसाठी ते पुरेसं होतं. पण असे फोटो मोठी माणसं काढतात. मुलांचं जग हाताच्या अंतरावर असतं. त्यांना मुंगी, गोटी, स्वतःचा पडलेला दात असं काहीतरी टिपायचं असतं, आणि तेही बहुतेकदा घरात, कमी उजेडात, हलत असताना.

म्हणून खरेदीच्या वेळी माझा पहिला प्रश्न आता हा असतो: हा कॅमेरा किती जवळचं टिपू शकतो? बऱ्याच कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणाऱ्या, कॅमेऱ्यांत, झूम अजिबात न वापरता, हे अंतर १ ते ५ सेंटिमीटर असतं. बटणांवर किंवा स्क्रीनवर ट्यूलिपच्या फुलाचं चिन्ह दिसतं, ती ही जवळच्या फोटोची सोय. झूम पुढे नेला की हेच अंतर झपाट्याने वाढतं, हे मुलाला एकदा करून दाखवावं लागतं. इथे लहान सेन्सर कामी येतो. छोट्या सेन्सरबरोबर भिंगही छोटं येतं, आणि मग मुंगीच्या मिशांपासून पोटापर्यंत सगळं एकाच वेळी स्पष्ट मिळणं बरंच सोपं होतं. मोठ्या, महागड्या कॅमेऱ्यावर हेच साधायला नाकी नऊ येतात.

लहान सेन्सर अडतो तो उजेड कमी झाला की. प्रकाश सेन्सरवर कणाकणाने, फोटॉनच्या रूपात पडतो आणि हे कण काही मोजून मापून येत नाहीत. पावसाचे पहिले टपोरे थेंब फरशांवर पडताना बघा. एका फरशीवर ९ थेंब, शेजारच्या फरशीवर १३, पलीकडे ७. फरशा सारख्या, पाऊस सारखा, तरी आकडे वेगळे. धो धो पाऊस लागला की हा फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारा बारीक कप्पा, ही अशीच एक फरशी. सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर १०० इकडेतिकडे होतात, म्हणजे फक्त १ टक्का. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोतल्या भिंतीवर जे रंगीत दाणे दिसतात, त्यांचं एक मोठं कारण हे थेंबांचं गणित आहे.

आता आकार बघा. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला ‘१/२.३ इंची’ सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो. करंगळीच्या नखावर मावेल एवढा. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळाने आधीच्याच्या चौपट. यातली कुठलीच बाजू १ इंच भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही नावं पडली आणि तशीच चालू राहिली. नावाकडे न बघता मिलिमीटर विचारलेले बरे.

मेगापिक्सेलबद्दल मात्र मला जरा ठणकावून सांगायचं आहे. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात १०० गुणिले १०० असे १०,००० पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. तिथून पुढे बरीच वर्षं पिक्सेल वाढणं म्हणजे खरोखर चित्र सुधारणं होतं. आज तसं उरलेलं नाही. ४ गुणिले ६ इंचाचा फोटो उत्तम छापायला १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे २ मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त (१ मेगापिक्सेल म्हणजे १० लाख पिक्सेल). अल्बमचं आख्खं पान भरायला ८-१० मेगापिक्सेल भरपूर झाले.

शिवाय प्रकाशाचा स्वतःचा एक नियम आड येतो. भिंग कितीही उत्तम असलं तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून उतरत नाही, त्याची एक बारीकशी चकती होते. एफ/२.८ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे ३.८ मायक्रॉनची असते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या करंगळीच्या नखाएवढ्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले तर एकेक पिक्सेल साधारण १.२ मायक्रॉनचा होतो. म्हणजे एकच चकती तीन पिक्सेल आडवी आणि तीन उभी पसरते. आणखी पिक्सेल कोंबून त्यातून फारसं नवं काही मिळत नाही. आणि लहान मुलांच्या अनेक स्वस्त कॅमेऱ्यांवर लिहिलेला मोठा आकडा सेन्सरचा नसतोच. सेन्सर १-२ मेगापिक्सेलचा असतो, आतला प्रोसेसर अधलेमधले पिक्सेल अंदाजाने भरून आकडा फुगवतो. वस्तूच्या माहितीपत्रकात ‘इंटरपोलेशन’ हा शब्द दिसला तर तो मोठा आकडा विसरून जावा.

झूमचंही थोडं असंच. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर सरकतात. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ४ पट डिजिटल झूममध्ये १६ पैकी एकच भाग उरतो. पहिल्या कॅमेऱ्याला ३ ते ५ पट ऑप्टिकल झूम पुष्कळ झाला. त्याहून मोठ्या झूमवर लहान हातांची थरथर फोटोत उतरते. हात हलल्याचं ओळखून भिंग किंवा सेन्सर उलट्या दिशेला सरकवणारी स्थिरीकरणाची सोय असेल तर ती मात्र जरूर घ्यावी.

आता जे खोक्यावर कधीच छापलेलं नसतं ते. बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो? मांजर उडी मारतं, मूल बटण दाबतं, कॅमेरा विचार करत बसतो आणि फोटोत रिकामी खिडकी येते. असं चार वेळा झालं की मूल कॅमेरा बाजूला ठेवून देतं, आणि घरचे म्हणतात, याला आवडच नाही. तो वेळ बहुतेक फोकस शोधण्यात जातो. पुष्कळ कॉम्पॅक्ट कॅमेरे भिंग पुढेमागे हलवत, चित्रातल्या कडा सर्वांत ठळक कुठे दिसतात ते चाचपत राहतात. मंद उजेडात कडाच पुसट असतात, म्हणून चाचपणी लांबते.

यावर उपाय बटणातच असतो. चांगल्या कॅमेऱ्याचं शटरचं बटण दोन टप्प्यांत दबतं. बोट हलकेच टेकवून थोडं दाबलं की मध्येच किंचित अडल्यासारखं होतं. तिथे थांबायचं. फोकस लागतो, स्क्रीनवरची चौकट हिरवी होते. बोट तसंच ठेवून वाट बघायची, आणि मांजराचे मागचे पाय ताणले गेले की उरलेलं बटण दाबायचं. आता कॅमेऱ्याला शोधायचं काहीच उरलेलं नसतं, फोटो जवळजवळ लगेच निघतो. भाचीला मी माझं बोट तिच्या बोटावर ठेवून ही अडण दाखवली. तिने डोळे मिटून वीस-पंचवीस वेळा नुसतं अर्धं बटण दाबून पाहिलं. भेट देणार असाल तर विकत घेण्याआधी स्वतःच्या बोटाने ही अडण जाणवते का ते बघा. खेळण्यातल्या कॅमेऱ्यांत ती सहसा नसते.

मग खेळण्यातला कॅमेरा घेऊच नये का? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला जरूर घ्यावा. त्या वयात कॅमेरा पडणार, चाटला जाणार, आणि बटण दाबलं की चित्र उमटतं हाच आनंद पुरेसा असतो. फक्त मेमरी कार्डाचं झाकण घट्ट बसतं ना ते पाहावं. मायक्रो एसडी कार्ड ११ गुणिले १५ मिलिमीटरचं, सहज तोंडात जाणारं असतं. सहा-सात वर्षांपुढे खरा कॉम्पॅक्ट द्यावा.

तो नवाच हवा असंही नाही. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यांत मोठा वाटा कॉम्पॅक्टचा होता. त्यातले कितीतरी आज कपाटांत पडून आहेत. असा कॅमेरा देण्याआधी बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा, नवी बॅटरी मिळते का याची चौकशी करा, आणि उजेडाकडे धरून भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते तपासा. खूप जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड वाचतात; ३२ जीबीचं कार्ड घातलं तर चालत नाही आणि कॅमेराच बिघडला असं वाटतं. बंद पडलेला कॅमेरा मात्र मुलाला खोलायला देऊ नका. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो.

घरातल्या चांगल्या मोबाइलचे फोटो संध्याकाळच्या उजेडात या कॅमेऱ्यापेक्षा सरस येतील. तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो, त्यामुळे दाण्यांची सरासरी होऊन ते मावळतात. तरीही मुलाच्या हातात मी कॅमेराच देईन. त्यात फोनची घंटी वाजत नाही, खेळ नाहीत, आणि फोटो काढून झाला की करायला दुसरं काही नसल्यामुळे मूल पुढचा फोटो शोधायला लागतं.

खोकं बांधण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, कार्ड आत घाला, तारीख-वेळ लावा, मनगटाचा पट्टा ओवून ठेवा. भाचीच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची पुडी तिने सकाळी सोडली आणि दहाव्या मिनिटाला ती फरशीवर पालथी झोपली होती. त्या फोटोत मुंगीच्या मिशा मोजता येतात.