वॉल्टन, म्हणजे नेमके कुठले?

1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत, थेम्सकाठच्या वॉल्टनचं नाव 'वालेटोना' असं आलंय. वॉल्टन या आडनावाचा सगळा वाद त्या मधल्या 'ए'पाशी अडतो.

आपल्याकडे वडगावं तशी इंग्लंडात वॉल्टन जागोजाग आहेत. 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'टून', वस्ती. पहिल्या पदाची मात्र चार मुळं निघतात: भिंत, रान, झरा आणि 'वाला'. कंब्रियातलं वॉल्टन हेड्रियन या रोमन सम्राटाच्या भिंतीच्या रेषेवरच आहे, तिथे भिंत उघड आहे. रानाचं रूप 'वाल्डटून'. त्यातला 'ड' पुढच्या 'ट'मुळे गळला.

'वाला' म्हणजे 'वाल्ह' लोकांची. वाल्ह म्हणजे परका, बाहेरून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांच्या लेखी इथला आधीचा रहिवासी, ब्रिटन जमातीचा माणूस. वेल्स, कॉर्नवॉल, अक्रोडाचं 'वॉलनट', सगळ्यांत हाच शब्द आहे. पुढे वेसेक्स या दक्षिणेतल्या जुन्या राज्यात त्याला 'गुलाम' असाही अर्थ चिकटला, आणि कित्येक आडनावकोशांनी वॉल्टनला सरसकट गुलामांची वस्ती करून टाकलं. हे पटत नाही. सातव्या शतकाच्या अखेरच्या वेसेक्सच्या कायद्यात एक हाइड (जमिनीचं जुनं माप) जमीन असलेल्या वाल्हच्या जिवाचं मोल, म्हणजे खुनाची भरपाई, 120 शिलिंग धरलंय, साध्या इंग्रज शेतकऱ्याचं 200. कमी लेखलेला खरा, पण जमीन बाळगणारा माणूस.

वालेटोनातला 'ए' हा 'वाला'च्या शेवटच्या स्वराचा अवशेष मानतात. पण 'वाला' धरायचं तर बाराव्या-तेराव्या शतकातल्या नोंदींतही 'वाले-' सातत्याने दिसायला हवं. एकट्या 1086 वर भिस्त ठेवू नये. नॉर्मन कारकून मधे स्वर सहज घालत.

आडनाव झालं ते 1066 च्या नॉर्मन विजयानंतर, आधी जमीनदारांत, मग हळूहळू रयतेत. रयतेत गाव सोडून आलेल्यालाच 'डी वॉल्टन', म्हणजे वॉल्टनचा, म्हणत. गावातच राहणाऱ्याला त्या नावाचा उपयोग काय? पुढे 'डी' गळालं. 'कर'सारखी खूणही मागे उरली नाही, म्हणून नुसत्या आडनावावरून गाव ओळखू येत नाही. 1962 मध्ये अमेरिकेत निघालेल्या वॉलमार्ट या अवाढव्य दुकानसाखळीच्या नावातही याच आडनावाचा तुकडा आहे.

शोध उलटा घ्यावा लागतो. 1837 पासूनचे जन्म-विवाह दाखले, मग जनगणना. 1841 च्या जनगणनेत 'याच काउंटीत जन्म का' एवढंच विचारलंय. जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, 1851 पासून मिळतं. त्यामागे 1538 पासूनची पॅरिशची दप्तरं, आणि त्याही आधी 1377, 1379 व 1381 च्या डोईपट्टीच्या याद्या. घराणं एका पॅरिशला टेकलं की जवळचं वॉल्टन पाहायचं. अर्थ त्या गावाच्या जुन्या लेखनावरून लावायचा, आडनावावरून नव्हे.