‘पवित्र आत्मा सुचवेल’ म्हणणाऱ्या संडे स्कूल टीचरांसाठी

चर्चच्या तरुण संघाला किंवा संडे स्कूलला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला, शिकवायला कोण पुढे येतंय असं पाळकसाहेबांनी विचारलं की दोन-तीनच हात वर होतात, आणि त्यातल्या एकाचं तरी ठरलेलं असतं, "तयारी कशाला, पवित्र आत्मा ऐनवेळी सुचवेल." हे ऐकून ऐकून मी खरंच दमलोय. देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि देवाची परीक्षा पाहणं वेगळं.

भरवसा काय असतो ते तुम्हाला माहितीये, त्यावर लांबण लावत नाही. बायबलमधले संदेष्टेच बघा, मोशे म्हणाला मी बोलण्यात जड आहे, यिर्मया म्हणाला मी लहान आहे, देवाने दोघांनाही पाठवलंच. पोटात गोळा येतो म्हणजे विश्वास कमी, असं काही नाही. हा मुद्दा इथेच संपला.

गडबड होते ती बायबलमधल्या मत्तय १०:१९ या वचनावर. काय बोलावं याची चिंता करू नका, त्या वेळी तुम्हाला सुचवलं जाईल, हे वचन सगळ्यांना पाठ असतं, पण वरची दोन वचनं कोणी वाचतच नाही. तिथे येशू शिष्यांना सांगतोय की तुम्हाला धरून नेतील, फटके मारतील, राजांपुढे उभं करतील. म्हणजे हे वचन अटक झालेल्या माणसासाठी आहे, ज्याच्या हातात तयारीला वेळच नाही. आपल्याकडे सोमवार ते शनिवार अख्खे सहा दिवस असतात! आणि योहान १४:२६ बघा, पवित्र आत्मा शिकवील आणि मी सांगितलेल्या गोष्टींची आठवण करून देईल असं आहे. आठवण. जे आपण कधी वाचलंच नाही त्याची आठवण कशी होणार, सांगा ना.

मग परीक्षा पाहणं म्हणजे काय, तर मत्तय ४. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो, म्हणतो उडी टाक, देवदूत झेलतील, आणि त्यासाठी ९१ वं स्तोत्र काढून दाखवतो. वचन खरंच होतं, पण जिना असताना उडी मारायला ते दिलेलं नव्हतं. पुस्तक न उघडता पंधरा पोरांसमोर उभं राहणं मला तशीच उडी वाटते, आणि ती फसली की आपटतात पोरं. नहेम्या ४:९ मला म्हणूनच आवडतं, यरुशलेमच्या भिंतीचं काम चालू असताना लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, दोन्ही एकाच वचनात.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची कथा सांगणारं ओवीबद्ध मराठी काव्य, गोव्यातच राचोलला छापलं गेलं १६१६ मध्ये. मधल्या वर्षांत ते आपली भाषा शिकले, ओवी शिकले. इतका भरवसा असलेला माणूस इतकी मेहनत करतो, आणि आपल्याला गुरुवारी एक अध्याय वाचवत नाही?

माझं तर स्पष्ट मत आहे, धडा आठवड्यात तीनदा वाचा, एकदा तरी मोठ्याने, आणि वर्गात मोबाईलवरून वाचून दाखवू नका, पोरांना लगेच कळतं. नि अडचणीच्या प्रश्नावर "विश्वास ठेव, प्रश्न विचारू नको" हे तर कधीच नको.

कारण भरवशाची खरी गरज तयारी संपते तिथे लागते. एकदा नववीतल्या मुलीने मला विचारलं, आम्ही सगळ्यांनी आजीसाठी प्रार्थना केली तरी ती गेली, मग देवाने ऐकलं नाही का? माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, मला माहीत नाही, पण आपला मित्र लाजर गेला तेव्हा त्याच्या कबरेजवळ येशूही रडला होता," आणि गप्प बसलो. ती घरी काय घेऊन गेली ते माझ्या हातात नव्हतं, ते मी देवावर सोडलं. पुढच्या रविवारी ती आली, पहिल्या बाकावर बसली.