मुठीत तडकणारा गंधक

गंधकाचा पिवळाधमक स्फटिक हाती आला तर तो मुठीत गच्च धरू नका. धरलाच, तर मूठ कानाशी न्या. थोड्या वेळात बारीक तडतड ऐकू येते. गंधकातून उष्णता फार हळू वाहते. हाताच्या उबेने त्याचा पृष्ठभाग प्रसरण पावतो, आतला भाग मात्र थंडच राहतो आणि त्या ताणाने चिरा पडतात. तो गंधकच असल्याची खात्री पटते, पण नमुना बिघडतो. म्हणून जाणकार संग्राहक तो गरम पाण्याने धूत नाहीत.

हा नाजूकपणा रचनेतूनच आलेला आहे. गंधकाचे आठ अणू मिळून मुकुटासारखं कडं बनतं. कड्यातले बंध पक्के, पण एका कड्याची शेजारच्या कड्यावरची पकड अगदी सैल. त्यामुळे १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर कठीणता जेमतेम १.५ ते २.५, आणि ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळूही लागतो.

वासावर मात्र विसंबू नका. शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच; कुजक्या अंड्यांचा तो दर्प हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

खरी गल्लत होते ती हरताळ या खनिजाशी. ‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचारातला हाच तो पिवळा हरताळ. त्यात विषारी आर्सेनिक असतं, म्हणून हा फरक ओळखता यायलाच हवा. हरताळाचे लवचीक, मोतिया चमकेचे पापुद्रे सुटतात आणि हातात तो जड लागतो: पाण्याच्या साधारण साडेतीन पट. गंधक दुपटीच्या जरासाच वर. तो काचेसारखा वक्र फुटतो आणि त्याची चमक राळेसारखी दिसते.

ज्वालामुखीच्या धुरकांड्यांभोवती, म्हणजे वाफ आणि वायू बाहेर पडणाऱ्या भेगांभोवती, हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड यांची गाठ पडते, पाणी तयार होतं आणि गंधकाचे थर साचतात. जावा बेटावरच्या कावा इजेन या ज्वालामुखीत हे आजही पाहायला मिळतं. म्हणूनच सिसिलीतल्या अग्रिजेंतोचे जगप्रसिद्ध स्फटिक पाहिले की आपण ते तिथल्या एटना ज्वालामुखीच्या खात्यावर मांडतो. प्रत्यक्षात ते जिप्समच्या थरांत तयार झाले. तिथल्या जिवाणूंनी प्राणवायूऐवजी जिप्सममधलं सल्फेट वापरलं, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटला आणि पुढे त्याचं ऑक्सिडीकरण होऊन हे पिवळे स्फटिक वाढले.